ताण-मूत्रगळती (स्त्रिया) : शस्त्रक्रिया

खोकलं, शिंकलं, जड उचललं की लघवी निसटते ती ही गळती. एकदम घाई लागून पोचेपर्यंत होते ती वेगळी, तिच्यासाठी ही ऑपरेशनं नाहीत, आणि गल्लत नेमकी इथेच होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने भागलं नाही की मग ऑपरेशन.

मूत्रमार्गाखाली पट्टी देऊन आधार द्यायची कल्पना मुळात कोणाची यावर घोळ आहे. काही जण १९०७ च्या जिओर्डानोचं नाव घेतात, त्याने मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू वापरला म्हणून, पण बहुतेक जण गोबेलपासून (१९१०) सुरुवात धरतात, पुढे फ्रँगेनहाइमने पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी घेतली, १९१७ च्या सुमारास श्टोकेलने त्यात टाक्यांची भर घातली, म्हणून ऑपरेशन तिघांच्या नावाने ओळखतात आणि तेच बरं. मधल्या काळात भर होता मूत्राशयाची मान (जिथे मूत्रमार्ग सुरू होतो) वर उचलून बांधण्यावर. मार्शल-मार्चेटी-क्रँट्झ (१९४९) टाके जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या) आवरणात घालायचे. बर्चने (१९६१) सुरुवातीला दुसरीकडे घातले, ते नीट धरेनात म्हणून कूपर लिगामेंटमध्ये (त्याच हाडावरच्या मजबूत बंधात) घातले.

गळतं का, यावर मतं वेगळी. एनहॉर्निंगच्या (१९६१) मते मूत्रमार्गाचा वरचा भाग पोटातल्या दाबाच्या टप्प्यात राहायला हवा, म्हणजे खोकल्याचा दाब त्यालाही मिटवतो. डीलान्सीची (१९९४) झोळीची कल्पना (मूत्रमार्ग खालच्या आधारावर झोळीसारखा टेकलेला) जास्त पटते: पाइपवर पाय दिला तर कडक जमिनीवर पाणी थांबतं, चिखलात पाइपच खाली दबतो आणि पाणी चालूच राहतं. म्हणजे उंचीपेक्षा खालचा आधार महत्त्वाचा.

पेट्रोस-उल्मस्टेन यांच्या सिद्धांतातून १९९६ ची टीव्हीटी (ताण न देता योनीमार्गातून बसवायची टेप) आली: सेंटिमीटरभर रुंद, पॉलिप्रोपिलिन या प्लॅस्टिकच्या जाळीची टेप, मानेखाली नाही तर मूत्रमार्गाच्या मध्याखाली, आणि ताण न देता. मूळ पद्धतीत फक्त जागा बधिर करून बाईला टेबलावरच खोकायला लावायचे, एखादा थेंब येईल इतपतच टेप ओढायची. जास्त ओढली की लघवी अडते. सुई मूत्राशयात घुसू शकते म्हणून मूत्राशयात दुर्बीण घालून बघतात. तो धोका टाळायला डेलोर्मने (२००१) टेप जांघेकडून आणली, तिथे मग मांडी दुखते. या दोन पद्धतींच्या ५९७ जणींवरच्या २०१० च्या तुलनेत वर्षभराने तपासणीतलं यश टीव्हीटीसारख्या पद्धतीत ८०.८ आणि जांघेकडच्या पद्धतीत ७७.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच.

जाळीवरचा वाद दोन वेगळ्या ऑपरेशनांचा आहे. अमेरिकेत २०१९ ला बंद झाली ती अंग बाहेर येतं त्यावर उपाय म्हणून योनीमार्गातून बसवायची जाळी, ही टेप नव्हे. इंग्लंडमध्ये मात्र २०१८ ला टेपही थांबवली, त्यामुळे तिथे बर्च आणि स्वतःच्या आवरणाची पट्टी परत पुढे आली.