पंचेचाळीस की पन्नास?

मोबाइलवरच्या एका लोकप्रिय लढाईच्या खेळात दोन मोठी पिस्तुलं मिळतात. एकाचं नाव ‘पी-१९११’, दुसऱ्याचं ‘डीगल’. दोन्हींना एकच गोळी चालते, .४५ ची. खेळ बनवणाऱ्यांची त्यात सोय आहे, पदार्थविज्ञानाची मात्र पंचाईत. ज्याच्यावरून ‘डीगल’ बेतलंय ते खरं डेझर्ट ईगल .४५ ची गोळी झाडतच नाही. ते .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि सगळ्यात गाजलेल्या .५० अ‍ॅक्शन एक्सप्रेस या गोळ्यांचं पिस्तूल. पुण्यातल्या कुठल्याही क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना संवेग-अक्षय्यता (कॉन्झर्व्हेशन ऑफ मोमेंटम) शिकवायला घ्या, मागच्या बाकावरून प्रश्न येतोच: ‘सर, मग दोन्हीत भारी कोणतं?’

प्रश्न चांगला आहे. भारी म्हणजे काय, एवढंच आधी ठरवायला हवं.

पहिल्यांदा आकडे. .४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, ११.४३ मिलिमीटर. .५० म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. व्यासातला फरक सव्वा मिलिमीटर, डोळ्यांना पटकन जाणवणारही नाही. पण .४५ ची नेहमीची गोळी १४.९ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे २६० मीटर वेगानं निघते. .५० ची गोळी साधारण १९.४ ग्रॅमची, वेग सुमारे ४५० मीटर. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तो पहिलीचा ३.९ आणि दुसरीचा ८.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद भरतो, म्हणजे दुपटीहून जास्त. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे तिथे दरी आणखी रुंदावते. एकीकडे ५०० ज्यूल, दुसरीकडे १,९००च्या पुढे. व्यास अकरा टक्क्यांनी वाढला आणि ऊर्जा जवळजवळ चौपट झाली. कॅलिबरच्या, म्हणजे व्यासाच्या, आकड्यावरून पिस्तूल जोखणारा माणूस इथेच फसतो.

ही जास्तीची ऊर्जा येते नळीतल्या दाबातून. पेट्रोल पंपावर गाडीच्या टायरमध्ये हवा भरताना आपण ‘तेहतीस टाक’ म्हणतो ना, त्याच एककात .४५ च्या काडतुसातला कमाल दाब २१,००० आणि .५० चा ३६,००० पर्यंत जातो. या दाबाला काडतुसाच्या आतल्या क्षेत्रफळानं गुणलं की पिस्तुलाच्या पाठीवर किती जोर येतो ते कळतं. गोळीच्या व्यासाइतकंच क्षेत्रफळ धरून ढोबळ हिशेब केला तर .४५ साठी तो दीड टनाच्या आसपास आणि .५० साठी तीन टनांच्या वर येतो. टिकतो मात्र एका मिलिसेकंदाहून कमी काळ.

तेवढा वेळ नळीचं मागचं तोंड बंद राहिलं पाहिजे. लवकर उघडलं तर पितळेची पुंगळी फाटून गरम वायू झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येईल. उघडलंच नाही तर पुंगळी बाहेर कशी पडणार आणि पुढचं काडतूस आत कसं सरकणार? अर्धस्वयंचलित पिस्तुलाचं सगळं शहाणपण या ‘आत्ता नको, पण लगेच’मध्ये आहे. या दोन पिस्तुलांतली निवड करायची तर माझ्या मते इथेच करावी, कारण दोघांनी या एकाच प्रश्नाची अगदी वेगळी उत्तरं दिली आहेत.

सगळ्यात सोपं उत्तर या दोघांचंही नाही. ते आहे लहान पिस्तुलांचं: तोंडाला कुलूपच लावायचं नाही, नळीवर मागेपुढे सरकणारी लोखंडी स्लाइडच पुरेशी जड करायची. वायू पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला ढकलते. स्लाइड जड असल्यानं ती हलेहलेपर्यंत गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं, सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ चं ‘अशनी’ याच जातीचं. .३२ च्या गोळीचा संवेग १.३ च्या आसपास. समजा, तिच्यासाठी पाव किलोची स्लाइड पुरते. तितक्याच वेगानं मागे येणारी स्लाइड .४५ ला हवी असेल तर तिचं वजन तिप्पट, पाऊण किलो करावं लागेल. .५० ला तर पावणेदोन किलोची नुसती स्लाइड लागेल. नळी, मूठ, गोळ्यांचं मॅगझिन आणखी वेगळं. असलं धूड धरणार कोण? या पद्धतीची .४५ ची स्वस्त पिस्तुलं अमेरिकेत बनतात आणि चालतातही, पण त्यांची बोजड स्लाइड बघितली की हिशेब चुकीचा नव्हता हे पटतं.

खेळातलं ‘पी-१९११’ ज्याच्यावरून बेतलंय ते पिस्तूल जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचं. त्याचं उत्तर जास्त सुंदर आहे. सुंदर हा शब्द जाणून वापरतोय. त्यानं नळीच्या पाठीवर आडवे उंचवटे ठेवले आणि स्लाइडच्या आतल्या बाजूला त्यांच्या मापाच्या खाचा. गोळी सुटते तेव्हा उंचवटे खाचांत बसलेले असतात; नळी आणि स्लाइड एकजीव होऊन मागे सरकतात. किती सरकतात? गोळी १५ ग्रॅमची, नळी आणि स्लाइड मिळून अर्धा किलोच्या आसपास. गोळी नळीत अकरा सेंटिमीटर पुढे जाईस्तोवर ही जोडी त्याच प्रमाणात मागे येणार, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. तेवढ्यात गोळी बाहेर. मग नळीखालची छोटी कडी नळीचा मागचा भाग खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुंगळी फेकून देते. घड्याळ नाही, झडप नाही. ‘केव्हा उघडायचं’ हे संवेग-अक्षय्यताच ठरवते.

अमेरिकन सैन्यानं हे पिस्तूल मार्च १९११ मध्ये स्वीकारलं, म्हणून त्याचं नाव एम १९११. त्याआधीच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडकलं नाही, असं सांगतात. आज जगातल्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत नळी तिरकी करून सोडवण्याची हीच कल्पना थोड्याफार फरकानं वापरली जाते. शंभर वर्षांत धातू बदलले, प्लॅस्टिकच्या मुठी आल्या, कल्पना तीच राहिली.

डेझर्ट ईगल अमेरिकेतल्या मॅग्नम रिसर्च आणि इस्रायलच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं मिळून १९८०च्या दशकात घडवलं. त्याची बुद्धी रायफलीची आहे. नळी पक्की, हलतच नाही. काडतुसाच्या पुढ्यात नळीला एक बारीक भोक आहे. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू त्यातून नळीखालच्या बोगद्यात शिरतो, पार पुढे तोंडापर्यंत जातो आणि तिथल्या दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्या स्लाइडला, स्लाइड नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला. बोल्टच्या तोंडावरचे दाते नळीत अडकलेले असतात. बोल्ट फिरतो तेव्हाच ते सुटतात. वायूच्या या लांबच्या फेरीत जो वेळ जातो, तेवढ्यात गोळी निघून जाते. तीन टनांचा जोर पेलायला फिरणारा बोल्ट उत्तमच, आणि नळी स्थिर असल्यानं नेमही चांगला साधतो. पण त्यासाठी नाजूकपणा पत्करावा लागतो. आवरण नसलेली शिशाची गोळी वापरली तर शिसं खरवडून ते बारीक भोक बुजतं आणि पिस्तूल रुसतं.

.५० च्या काडतुसात एक लबाडीही आहे. त्याच्या बुडाची कड मुद्दाम अंगापेक्षा लहान, .४४ मॅग्नमच्या कडेएवढी ठेवली आहे. त्यामुळे त्याच बोल्टवर .४४ ची नळी आणि मॅगझिन चढवलं की पिस्तुलाची जात बदलते. अभियंत्यानं अशी काटकसर केली की मला ती मनापासून आवडते.

आता हाताचं बघू. रिकाम्या १९११ चं वजन १.१ किलो, .५० डेझर्ट ईगलचं जवळजवळ दोन किलो. तुलनेसाठी सांगतो: पाषाणच्या एआरडीईनं, म्हणजे संरक्षण खात्याच्या शस्त्र संशोधन संस्थेनं, महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर बनवून २०२१ मध्ये जाहीर केलेलं ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटरचं मशिन पिस्तूल दोन किलोहून हलकं आहे. मग डेझर्ट ईगल एवढं जड कशाला? धक्क्यासाठी. गोळीचा संवेग पिस्तुलाच्या वजनानं भागा. १९११ सेकंदाला साडेतीन मीटर वेगानं मागे येऊ पाहतं, डेझर्ट ईगल ४.४ मीटर वेगानं. मनगटावर येणारी ऊर्जा अनुक्रमे ७ आणि १९ ज्यूल. .५० ची गोळी १.१ किलोच्या पिस्तुलातून झाडली असती तर हाच आकडा ३४ झाला असता. गोळीमागून सुटणाऱ्या वायूचा संवेग यात धरलेला नाही; .५० मध्ये दारू कितीतरी जास्त असल्यानं प्रत्यक्षातली तफावत आणखी मोठी निघते. शिवाय नळी मुठीच्या वर असते, म्हणून हा धक्का सरळ मागे न येता पिस्तुलाचं तोंड आभाळाकडे उचलतो.

इथे एक गंमत आहे. गोळी नळीतून बाहेर पडते एका मिलिसेकंदाच्या आत. माणसाच्या मेंदूला काहीतरी घडलं हे कळून हात हलायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे झाडलेल्या गोळीच्या धक्क्यानं बिचकून तीच गोळी बिघडवणं शरीराला शक्यच नाही. तरी मोठ्या पिस्तुलानं नेम बिघडतो, तो पुढच्या गोळीचा. धक्का येणार हे ठाऊक असलेलं मनगट चाप दाबायच्या आधीच खाली झुकतं. हे पकडायला प्रशिक्षक नेमबाजाच्या नकळत मॅगझिनमध्ये मधूनच एखादं खोटं काडतूस घालतात. चाप दाबला जातो, ‘टक’ आवाज येतो, धक्का काहीच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड तरी खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. लपवायला जागाच उरत नाही.

उलट दिशेनंही मनगट दगा देतं. स्लाइड मागे जायची तर पिस्तुलाचा सांगाडा कुणीतरी घट्ट धरलेला हवा. हात ढिला असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे येतो, स्लाइडचा सापेक्ष प्रवास अपुरा पडतो आणि पुंगळी मध्येच चिमटते. खापर पिस्तुलावर फुटतं.

मुठीचं माप हा तर सरळ भूमितीचा भाग. मॅगझिन मुठीत असतं, त्यामुळे मूठ काडतुसाच्या लांबीपेक्षा लहान होऊच शकत नाही. .४५ चं काडतूस ३२ मिलिमीटर लांब, .५० चं ४१. हे नऊ मिलिमीटर थेट तळहाताच्या मागपासून चापापर्यंतच्या अंतरात जमा होतात. लहान हाताच्या माणसाला डेझर्ट ईगलच्या चापावर बोटाचं पेर नीट टेकतच नाही, मग बाकी गुणांचं काय करायचं?

अंतराचा फायदा मात्र .५० चा, हे मान्य करायला हवं. २५ मीटरवर पोचायला .४५ च्या गोळीला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती पावणेपाच सेंटिमीटर खाली येते; .५० ची दीड सेंटिमीटर. ५० मीटरवर हेच आकडे चौपट. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच असल्यानं इथली हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ, पण इतक्या कमी अंतरात त्यानं काही बिघडत नाही. आवाजावर मात्र तापमानाचा परिणाम होतो. २५ अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर, मे महिन्यातल्या चाळीस अंशांत ३५५. .४५ ची गोळी कुठल्याही ऋतूत याच्या खालीच राहते. .५० ची गोळी हवा फाडत जाते आणि नळीच्या स्फोटाशिवाय स्वतःचाही कडाका उडवते.

माझी निवड? १९११. कारण त्याच्यात प्रश्नाच्या मापाचं उत्तर आहे. डेझर्ट ईगलमध्ये आधी गोळी मोठी केली, तिच्यासाठी रायफलीचं यंत्र आणलं, त्यासाठी वजन वाढवलं, आणि इतकं करून मॅगझिनमध्ये गोळ्या सातच, १९११ एवढ्याच. कौतुक वाटतं, पण हाताशी असावं असं वाटत नाही.

पुण्यात ही निवड कागदावरच राहणार. .४५ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे, साध्या परवान्यावर ते मिळत नाही. बालेवाडीच्या रेंजवरही या दोघांना जागा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटर सेंटरफायर या स्पर्धाप्रकारात पिस्तुलाच्या नळीचा व्यास ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमध्येच असावा लागतो आणि वजन १,४०० ग्रॅमच्या आत. १९११ व्यासात बाद होतं, डेझर्ट ईगल दोन्हींत. तिथे बहुतेकांच्या हातात या प्रकारासाठी .३२ किंवा इतर प्रकारांसाठी .२२ असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तेही .२२ च्याच पिस्तुलानं.