जुलैमधला क्रॉपी तळाला का नसतो

उन्हाळ्यात पाणी तापलं की मासे तळाच्या गार पाण्यात जाऊन बसतात. हे वाक्य नॉर्थ कॅरोलायनात इतक्यांदा कानावर पडतं की त्याला म्हणीचाच दर्जा मिळाला आहे. भारतातून येऊन इथे हौसेने रॉड-रील घेतलेली आपली मराठी मंडळीही ते आता छातीठोकपणे सांगतात. तर्क वरवर बिनतोड आहे. मग होतं काय, तर लोक जुलैत पहिल्यांदाच क्रॉपी मासा धरायला इथल्या जॉर्डन लेक या तलावावर जातात, धरणाकडच्या टोकाचं सगळ्यात खोल पाणी गाठतात, आमिष तीस फुटांवर सोडतात आणि संध्याकाळी ‘या तलावात मासेच नाहीत’ असं ठरवून जवळच्या कॅरी गावी परततात. मासे असतात. फक्त तीस फुटांवर नसतात, कारण तिथे त्यांना श्वास घेता येत नाही.

क्रॉपीची ओळख थोडक्यात करून देतो. उत्तर अमेरिकेतला हा गोड्या पाण्याचा मासा, अंगाने चपटा, चवीला छान, तोंड मात्र इतकं नाजूक की गळाला जोरात हिसका दिला तर ओठ फाटून सुटतो. काळा आणि पांढरा अशा दोन जाती आहेत. पांढऱ्याच्या पाठीवरच्या पराला सहसा पाच-सहा काटे असतात, काळ्याच्या सात-आठ. वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसला आलं की हे मासे अंडी घालायला काठाशी येतात, नर घरट्यावर राखण करत बसतात, आणि त्या दिवसांत गळ पहिल्यांदाच हातात धरलेलं पोरही मासे काढतं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. अनोळखी तलावाची परीक्षा असते ती जुलैत.

पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, हे शाळेत शिकलेलो असतो. त्यापुढचा भाग बहुतेकांच्या वाचनात येत नाही. तो असा, की पाणी जितकं गरम, तितका पुढच्या प्रत्येक अंशाला त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी घ्या. ४ अंशांचं आणि ८ अंशांचं, यांच्या वजनात फरक सुमारे १२५ ग्रॅम. आता २४ अंशांचं आणि २८ अंशांचं घ्या. अंशांतला फरक तेवढाच, चारचाच, पण वजनातला फरक १,०६० ग्रॅमच्या घरात, म्हणजे जवळजवळ साडेआठ पट. हिवाळ्यात वरचं पाणी आणि खालचं पाणी वाऱ्याच्या साध्या झोताने एकमेकांत मिसळतं. उन्हाळ्यात तेच करायचं तर खालचं जड पाणी उचलून वर आणावं लागेल आणि वरचं हलकं पाणी खाली दाबावं लागेल. तेवढी ताकद वाऱ्यात नसते, कारण वाऱ्याने पाण्याला दिलेल्या ऊर्जेचा अगदी थोडा अंश खोलवर ढवळायला उपयोगी पडतो, बाकीची लाटांत आणि घर्षणात जाते.

परिणामी तलावाचे दोन मजले होतात. वरचा गरम, वाऱ्याने सतत ढवळला जाणारा. खालचा गार, बंदिस्त. दोघांच्या मधे एक पातळ पट्टा, जिथे तापमान दर मीटरला किमान एका अंशाने उतरतं. हीच थर्मोक्लाइन.

आता ऑक्सिजनकडे वळू. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, हे खरंच आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, २८ अंशांच्या पाण्यात ८ च्या थोडा खाली. पण मावतो किती आणि असतो किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खालच्या मजल्याला हवा लागत नाही आणि गढूळ तलावात उजेडही पोचत नाही, त्यामुळे तिथे नवा ऑक्सिजन तयार होत नाही. वरून मात्र मेलेल्या शेवाळाचा पाऊस अखंड पडत असतो, आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. जॉर्डन लेकमध्ये नायट्रोजन-फॉस्फरसची आवक भरपूर, त्यामुळे शेवाळ भरपूर. भर उन्हाळ्यात अशा तलावाच्या तळाशी ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्याही खाली जातो. माशाला बरं वाटायला ५ तरी लागतो. नितळ, नापीक पाण्याच्या खोल तलावांत गोष्ट निराळी; तिथे तळाला ऑक्सिजन टिकतो आणि ट्राउट मजेत राहतो. पण क्रॉपीचे नावाजलेले बहुतेक तलाव तसे नसतात.

थर्मोक्लाइन शोधायला महागडं सोनार यंत्र (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं) लागत नाही. काचेची एक बाटली घ्या, तळाला शिसं बांधा, मानेला दोरी बांधून तिच्यावर दर तीन फुटांवर गाठ मारा, आणि बुचाला दुसरी दोरी लावा. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, बुचाची दोरी हिसकायची. वर बुडबुडे येतात. ते थांबले की बाटली भरली. झटकन वर ओढून तापमान बघायचं. नुसता थर्मामीटर दोरीला बांधून चालत नाही, वर येता येता त्याचा पारा चढतो. समजा आकडे असे आले: २९, २९, २९, २८, २८, २५, २१, १९. पाचव्या गाठीपर्यंत, म्हणजे १५ फुटांपर्यंत पाणी एकसारखं आहे, सहाव्या गाठीपासून घसरण सुरू. बाटली खालच्या गाठीवरून आली की नाक लावून बघा. सडक्या अंड्यांचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तिथे ऑक्सिजन नाही याची ती पावतीच.

या एका आकड्याने तलावाचा नकाशा बदलून जातो. १५ फुटांखालचं सगळं पाणी बाद. उरलेल्या भागात जिथे तळच १० ते १५ फुटांवर आहे आणि आडोसा आहे, तिथे जायचं: बुडालेल्या ओढ्यांच्या कडा, पुलांचे खांब, पाण्यात पडलेली झाडं. इथला राज्य वन्यजीव आयोग मासे जमावेत म्हणून तलावांत मुद्दाम आडोसे बुडवतो आणि त्यांच्या जागांचे नकाशेही लोकांना खुले ठेवतो. आमिष माशाच्या खाली नको, डोक्याच्या थोडं वर हवं. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला आहेत आणि तो वर झेप घेऊन खातो. खोल तळाच्या भागातही हे मासे मिळतात, पण थर्मोक्लाइनच्या जरा वर, मधल्या पाण्यात तरंगणारे.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा भाग वाऱ्याचा आहे. दिवसभर एका दिशेने वारा वाहिला तर वरचं पाणी पलीकडच्या काठाकडे ढकललं जातं आणि तिथे पृष्ठभाग किंचित उंचावतो. किंचित म्हणजे एखादा सेंटिमीटर. पण दोन थरांच्या घनतेत फरक हजारात जेमतेम तीनचा असेल, तर पृष्ठभागाच्या कलण्याला तोलून धरायला थर्मोक्लाइनला उलट्या दिशेने त्याच्या सुमारे ३३० पट कलावं लागतं. वर एक सेंटिमीटर, खाली तीन मीटरहून जास्त! वारा ज्या काठावर आदळतो तिथे राहण्याजोगा थर जाड होतो, उलट्या काठाला पातळ. वारा पडला की हा कललेला पट्टा परत यायला निघतो, समतोल ओलांडून पलीकडे जातो, पुन्हा फिरतो, आणि हे हेलकावे कित्येक तास चालू राहतात, पृष्ठभाग आरशासारखा शांत असला तरी. सकाळी पूर्व काठाला मोजलेला आकडा दुपारी पश्चिम काठाला लावू नये, तो याचसाठी. उथळ फाट्यांत तर दोन मजले टिकतच नाहीत, तिथे वारा तळापर्यंत ढवळतो.

ढवळण्यावरून आठवलं. याच जॉर्डन लेकमध्ये २०१४ साली शेवाळ घालवण्यासाठी सौरऊर्जेवर चालणारी ३६ यंत्रं पाणी ढवळायला सोडली होती. शेवाळाचं मूळ आहे वरच्या शहरांतून आणि शेतांतून येणाऱ्या खतामैल्यात, आणि त्याला हात लावणं राजकीयदृष्ट्या महाग पडतं. यंत्रं सोपी वाटली. २०१६ मध्ये, काही फरक पडत नाही असं दिसल्यावर ती काढून टाकली. सुमारे १४,००० एकरांचा जलाशय तेवढ्याशा पंख्यांनी सुधारेल असं कोणाला वाटलं, देव जाणे.

आणि चंद्राबद्दल. आमच्यातल्या कोकणी मित्रांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण पाठ असतं, कारण खाडीत पाणी कधी भरतं आणि कधी ओसरतं यावरच मासळी ठरते. ते ज्ञान शंभर टक्के खरं आहे, खाडीत. इथे मात्र अमेरिकन अँगलरही, म्हणजे गळाने मासे धरणारे हौशी लोकही, चंद्राचा तक्ता बघून तलावावर जातात. चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासे कधी खातील हे सांगणारी ही ‘सोल्यूनर’ कल्पना जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडली. लेक सुपीरियरसारख्या समुद्राएवढ्या तलावातही भरतीचा फरक ५ सेंटिमीटरच्या आत असतो, मग जॉर्डन लेकचं काय घेऊन बसलात? चंद्राचा उजेड ही वेगळी बाब आहे. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, रात्री वर येतात, चांदण्यात कमी वर येतात, आणि ते खाणारे छोटे मासे व त्यांच्यामागचे क्रॉपी त्याप्रमाणे हलतात. त्यासाठी तक्ता लागत नाही, आकाशाकडे बघितलं की पुरे.

शरदात वरचा थर गार होत होत खालच्याच्या तापमानाला येतो, वजनातला फरक मिटतो आणि एखाद्या वादळी रात्री सगळा तलाव ढवळून निघतो. काही दिवस मासे विखुरलेले, सापडायला कठीण. मिनेसोटात पुढे बर्फ धरतो आणि वसंतात दुसऱ्यांदा ढवळण होते. इकडे दक्षिणेत तलाव हिवाळाभर मिसळतच राहतो. तळाला पुन्हा ऑक्सिजन पोचतो, आणि मग उन्हाळ्यात चुकीचं असलेलं ते वाक्य बरोबर ठरतं: मासे खरोखर खोल जातात.

तिथून काढलेल्या माशाचे मात्र हाल होतात. क्रॉपीचं वाताशय, म्हणजे अंगातली तरंगायची पिशवी, बंद असते. तिच्यातला वायू तोंडावाटे सोडता येत नाही, रक्तात शोषला जाईपर्यंत थांबावं लागतं. चाळीस फुटांवरून झपाट्याने वर आणलं की दाब निम्म्याहून कमी होतो, पिशवी दुपटीने फुगते आणि आतल्या अवयवांवर दाब येतो. असा मासा पाण्यात परत सोडला तरी बरेचदा मरतो. म्हणून टेक्सासच्या लेक फोर्कवर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर क्रॉपीला लांबीची किमान मर्यादाच नाही: लहान असो की मोठा, लागेल तो ठेवायचा, आणि २५ झाले की त्या दिवसापुरती क्रॉपीची मासेमारी बंद.