तारण आणि नजात: ख्रिश्चन आणि मुसलमान यात नेमके कुठं वेगळे होतात

आपल्या कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर धर्माचा आणि तारणाचा, म्हंजे पापातनं सुटकेचा (मुसलमान त्याला नजात म्हणतात), विषय निघाला की एक वाक्य हमखास कुणीतरी टाकतंयच, "ख्रिश्चन म्हणतात नुसता विश्वास ठेवा, मुसलमान म्हणतात नमाज-रोजे करा, बाकी सगळं सेम." ऐकायला सुटसुटीत आहे, पण दोन्हीकडनं चुकीचं आहे.

घोळ व्हायचं कारण उघड आहे, दोघांच्या कथेतली माणसं तीच. आदम दोघांचा, शेवटच्या दिवशी न्याय दोघांकडं, आणि येशूसुद्धा दोघांकडं, म्हंजे कुराणात ईसा बापाशिवाय मरियमच्या पोटी जन्मतात, मरियमच्या नावाची 19वी सूरा (अध्याय) आहे, आणि ते परत येणार असं मुसलमान पण मानतात.

पण फाटा फुटतो तो पहिल्याच पायरीवर, आदमपाशी. ख्रिश्चन म्हणतात आदमानं देवाची आज्ञा मोडली आणि तेव्हापासून माणूसजातच बिघडली, माणूस मुळातच पापाच्या कचाट्यात आहे आणि स्वतःच्या ताकदीवर त्यातनं बाहेर येऊ शकत नाही. (पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स म्हणतात की आदमाचा दोष आपल्याकडं येत नाही, मरण आणि दुबळेपणा तेवढा येतो, पण सुटका स्वतःच्या जोरावर नाही हे त्यांनाही मान्य आहे.) इस्लाममध्ये आदम चुकला, त्यानं तौबा (पश्चात्ताप) केली, अल्लाहनं माफ केलं, विषय संपला, कुराण 2:37 बघा. पोर जन्मतं ते स्वच्छ. आणि 6:164 मध्ये सरळ आहे की एकाचं ओझं दुसरा उचलत नाही.

आता हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप उलगडतं. सोसायटीचं कर्ज धरा, इतकं की ऊसबिलातनं जन्मभर कपात झाली तरी फिटणार नाही. ख्रिश्चन म्हणतो कर्ज नुसतं खोडून चालत नाही, कुणीतरी भरायलाच पाहिजे, आणि तू भरू शकत नाहीस म्हणून खुद्द मालकानंच, म्हंजे देवानं, स्वतःच्या खिशातनं भरलं. तोच क्रूस, म्हंजे येशूचं क्रूसावरचं मरण. मुसलमान म्हणतो अरे मालकच तो, त्याला माफ करायचं तर करेल, त्याला कोण अडवणार, मध्ये भरणारा कशाला पाहिजे, पण माफी मागायला तुलाच यायला लागतंय आणि तुझी बाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढत नाही.

म्हणून क्रूस हाच खरा मुद्दा आहे, बाकीचे फरक त्याच्या मागनं येतात. कुराण 4:157 म्हणतं ईसांना मारलंही नाही आणि क्रूसावर चढवलंही नाही, लोकांना तसं भासलं. बाहेरच्याला हा इतिहासातला वाद वाटतो, पण ख्रिश्चनाचा क्रूस काढला की तारणच राहत नाही, आणि मुसलमानाच्या नजातीला त्याची गरजच पडत नाही.

इथंच बकरीदचा गैरसमज पण येतो, आणि हा लई जणांचा असतो. कुर्बानी म्हंजे बकऱ्याच्या रक्तानं पाप धुणं, असं आपल्यातले बरेच धरून चालतात. तसं नाही. 22:37 मध्ये स्पष्ट आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हंजे अल्लाहचं भय आणि भक्ती. ती इब्राहीमच्या आज्ञापालनाची आठवण आहे, मांस घरात, नातेवाइकांत आणि गरिबांत वाटायचं. रक्तानं पाप धुतलं जातं ही भाषा उलट ख्रिश्चनांकडं आहे, योहानाच्या शुभवर्तमानात येशूला जगाचं पाप दूर करणारा देवाचा कोकरा म्हटलंय. आता मोहरमचं, आपल्याकडं पंजे बसतात, त्याला हिंदू पण नवस बोलतात, आणि त्यावरनं काहींना वाटतं की करबलाच्या लढाईत पैगंबरांचे नातू हुसेन येशूसारखेच लोकांच्या पापासाठी गेले. सुन्नी असं मानत नाहीत. शिया मानतात की हुसेन शफाअत करतील, म्हंजे अल्लाहपुढं रदबदली, पण ईमान तुझं तुलाच आणायचंय.

मग कर्म की कृपा? दोन्हीकडं दोन्ही आहे. इफिसकरांस पत्र 2:8-9 म्हणतं तारण कृपेनं, कर्मानं नाही, पण याकोब 2:26 म्हणतो क्रियांवाचून विश्वास मेलेला. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा लूथर आणि कॅथलिक यांची यावरच फाटाफूट झाली, आणि 1999 मध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघानं ऑग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या तेव्हा कुठं बरंचसं जुळलं. इस्लाममध्ये कर्म तोललं जातं, कणभर चांगलं पण दिसणार आणि कणभर वाईट पण (99:7-8). तरीही बुखारी आणि मुस्लिम या दोन संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की नुसत्या कर्मावर कुणीच जन्नतमध्ये जात नाही, सहाबांनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) विचारलं तुम्ही पण नाही? तर पैगंबर म्हणाले मी पण नाही, अल्लाहनं रहमतीत (कृपेत) घेतलं तरच. म्हंजे "मुसलमान फक्त कर्म मोजतात" हे बी गेलं.

खात्रीच्या बाबतीत मात्र गंमत आहे. कोल्हापूरला 1852 मध्ये आलेले मिशनरी वायल्डर, ज्यांच्या नावाचं इथं चर्च आहे, ते प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ), आणि त्या परंपरेत विश्वासणाऱ्याला आपल्या तारणाची खात्री इथंच, जिवंतपणी मिळू शकते. मुसलमानाला विचारा, जन्नत नक्की का? तो इन्शाअल्लाह म्हणेल, कारण भीती आणि उमेद दोन्ही धरून राहायचं अशी शिकवण आहे. सुन्नी परंपरेत जिवंतपणीच जन्नतची खुशखबर मिळाल्याबद्दल दहा सहाबी खास प्रसिद्ध आहेत, अशरा मुबश्शरा. आणि कॅथलिक? ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्येच ठरवलं की देवानं खास कळवल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच असं कुणी छातीठोक म्हणू नये, त्यामुळं या एका मुद्द्यावर ते प्रेस्बिटेरियन भावापेक्षा मुसलमानाच्याच जास्त जवळ बसतात.