वांग्याच्या फुलाला मधाची पेटी पुरत नाही

२० मे जवळ आला, की जागतिक मधमाशी दिनाचे संदेश फिरू लागतात. त्यांत एक वाक्य हमखास असतं: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, इति आईनस्टाईन. आईनस्टाईन असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय गहू, तांदूळ, मका ही पिकं वाऱ्यावर किंवा स्वपरागणावर येतात, त्यामुळे चार वर्षांचा हिशोबही पोकळ आहे. खरी परिस्थिती गंभीर वाटायला अशा भाकितांची गरज नाही. 'आयपीबीईएस' या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१६ च्या अहवालानुसार, जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांचं उत्पादन कमीअधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहे.

मला त्याहून घातक वाटतो तो दुसरा समज. मधाच्या पेट्या वाढवल्या, की परागण वाचलं! महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' झालं याचा आनंदच आहे, त्यावर घरं चालतात. पण मधमाशीपालन हा जोडधंदा आहे आणि रानातले कीटक वाचवणं हे वेगळं काम आहे. कोंबड्या पाळून माळढोक वाचत नाही. मधमाशीच्या गोतावळ्यात जगभरात २०,०००हून अधिक जाती आहेत आणि पेटीत नांदणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. उरलेल्यांपैकी बहुतेक माद्या एकट्याने घर करतात, तेही बरेचदा जमिनीत. त्यांचं काम पेटीतली माशी का करू शकत नाही, हे समजायला वांग्याचं फूल पुरेसं आहे.

जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोषांचा सुळका दिसतो. जास्वंदीचे परागकोष उकलतात आणि पराग उघड्यावर येतो. वांग्यात तो नळीसारख्या परागकोषात कोंडलेला असतो आणि बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. टोमॅटोची रचना जवळपास अशीच. बांधावरची रिंगणी आणि माळावरचा तरवडही याच पंथाचे. वाऱ्याने फूल हललं की थोडा पराग सांडतो आणि फळ धरतंही, पण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी टोकावर, भरपूर पराग पडला तर बी जास्त धरतं आणि फळ नीट भरतं.

लाकूड कोरून राहणारा मोठा काळा भुंगा या फुलाला लटकतो, सुळका घट्ट धरतो, पंख मिटतो आणि उडण्याचे स्नायू चालू करतो. हे मोठे स्नायू पंखांना थेट जोडलेलेच नसतात, ते छातीच्या कवचाला जोडलेले असतात. काही उभे, काही आडवे. उभे आकसले की कवच किंचित दबतं आणि आडवे ताणले जातात. ताण बसला म्हणूनच ते आकसतात, आणि त्यामुळे पुन्हा उभे ताणले जातात. आपल्या स्नायूला दर आकुंचनासाठी मज्जातंतूचा नवा संदेश लागतो, इथे एका संदेशावर अनेक आकुंचनं होऊन जातात. सेकंदाला शेकडो कंपनं होतात ती अशी. पंख मिटलेले असल्यामुळे हवा ढकलण्याचं ओझं नसतं, म्हणून वारंवारिता वाढते. उडतानाचा खर्जातला आवाज फुलावर बसताच वरच्या पट्टीत चढतो, हे कानालाही कळतं. कंपनाची वारंवारिता एकटीच महत्त्वाची नसते. परागकोषाला मिळणारं त्वरण हे आयाम (कंपनाची झेप) आणि वारंवारितेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं, त्यामुळे लहान माशीची बारीक थरथर आणि भुंग्याचा दणका यांत पुष्कळ फरक पडतो. पराग कोरडा असतो. उडताना माशीच्या अंगावर बहुधा धन विद्युतभार जमलेला असतो, त्यामुळे सुटलेले कण तिच्या केसांकडे ओढले जातात. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून टोमॅटोच्या फुलाला टेकवला, तरी परागाचा छोटा ढग उडताना दिसतो.

पोटावर निळे पट्टे असलेल्या लहान माश्याही हेच करतात. त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या एका भाऊबंदाची नोंद आहे, की ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोकं आपटून टोमॅटोचा पराग सांडते. मधमाशीकडे हेच स्नायू आहेत आणि पोळं उबदार ठेवायला ती ते थरथरवतेही, पण फुलावर ही युक्ती ती वापरत नाही. वांग्याच्या फुलात तिला फार तर कुणीतरी सांडून ठेवलेला पराग मिळतो.

आणखी एक गोष्ट इथे येते, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वांग्याच्या फुलात मध नसतो. भुंग्याला पिल्लांसाठी पराग तिथे मिळतो, पण उडायला लागणारी साखर दुसरीकडून आणावी लागते: रुई, शेवगा, ताग. निळ्या पट्ट्यांच्या माशीला तुळस फार आवडते. म्हणजे सलग वांग्याचं शेत, कितीही फुललं तरी, या कीटकांना एकटं पोसू शकत नाही. केनियातल्या न्गुरुमानमध्ये वांग्याच्या परागणाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे हे काम एकट्या राहणाऱ्या रानमाश्या करत होत्या आणि त्यांचं पोट शेजारच्या रानावर चालत होतं.

बाहेरून कीटक आणण्याचा उपायही जगाने करून पाहिला आहे. बेल्जियममध्ये १९८७ पासून हरितगृहांतल्या टोमॅटोसाठी युरोपीय भुंगमाश्या (बंबलबी) वाढवून विकल्या जाऊ लागल्या. त्या चिलीत नेल्या, तेव्हा रानात पसरल्या आणि दक्षिण अमेरिकेतली सोनेरी रंगाची मोठी स्थानिक भुंगमाशी झपाट्याने कमी झाली.

आपल्याकडे भुंगे अजून आहेत, प्रश्न त्यांच्या घराचा आहे. बांध तणनाशकाने साफ केला की रिंगणी, तरवड, रुई गेली. वाळका ओंडका आणि जुना बांबू जळणात गेला की भुंग्याचं घर गेलं. कणखर, उघडी, न नांगरलेली माती राहिली नाही की जमिनीत बीळ करणाऱ्या माश्या गेल्या. वांग्यावर तर शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वारंवार फवारणी होते. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झामसारखी औषधं झाडाच्या रसात भिनून परागातही पोहोचतात. युरोपीय संघाने या दोन्हींचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला. ही दोन निदान फुलोऱ्यात तरी टाळता येतात. अळीसाठी कीड लागलेले शेंडे खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणं आधी करता येतं. मग फवारायची वेळ आलीच, तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. भुंगे, माश्या परागासाठी सकाळीच फुलावर येतात.