एथिक्स कमिटीवर रुग्ण आणि नातेवाईक : सर्वसामान्य सदस्य होण्यासाठी पात्रता, कागदपत्रे व प्रशिक्षण

सांगली, मिरज, कराड किंवा सातारा येथील रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी केवळ डॉक्टरांच्या इच्छेने सुरू करता येत नाही. तिला आधी नैतिकता समितीची, म्हणजे रुग्णालयात सगळे जिला एथिक्स कमिटी म्हणतात तिची, मंजुरी लागते. मार्च २०१९ मध्ये अधिसूचित झालेल्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सदस्य सर्वसामान्य व्यक्ती असावा लागतो. औषधचाचणीच्या प्रस्तावावर निर्णय घेताना ज्या पाच प्रकारच्या सदस्यांची उपस्थिती अनिवार्य आहे, त्यांतही ही सर्वसामान्य व्यक्ती येते. वर्षानुवर्षे डायलिसिसला येणारा रुग्ण किंवा कर्करोगाच्या आजारात आईची शुश्रूषा केलेली मुलगी या जागेसाठी योग्य ठरू शकते, ही गोष्ट आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे.

पात्रतेबाबत सर्वाधिक गैरसमज शिक्षणाविषयी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही व्यक्ती साक्षर असावी, गेल्या पाच वर्षांत तिने वैद्यकीय किंवा आरोग्याशी संबंधित व्यवसाय केलेला नसावा आणि स्थानिक भाषा, चालीरीती व लोकांची मूल्ये तिला माहीत असावीत. पदवीची अट नाही. सामाजिक कार्याचा अनुभव असल्यास तो जमेची बाजू मानला जातो. त्यामुळे सध्या नोकरीत असलेली परिचारिका किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ या जागेवर बसू शकत नाही, मात्र तासगावचा द्राक्ष बागायतदार किंवा पाटणची शिक्षिका बसू शकते.

या नेमणुकीसाठी सरकारी छापील अर्ज नसतो. ‘सीटी-०१’ हा नमुना समितीच्या नोंदणीच्या अर्जाचा असतो, सदस्याच्या नेमणुकीचा नव्हे. सदस्याची नेमणूक संस्थाप्रमुख पत्राने करतात आणि त्या पत्रात मुदत व कर्तव्ये नमूद असतात. म्हणून इच्छुकाने संस्थाप्रमुखांच्या नावे, समितीच्या सदस्य-सचिवांमार्फत, साध्या मराठीत इच्छापत्र द्यावे. आपल्या जिल्ह्यात कोणकोणत्या समित्या काम करतात हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सार्वजनिक नोंदवहीतून कळू शकते, कारण तेथे प्रत्येक चाचणीपुढे रुग्णालय आणि मंजुरी देणारी समिती यांची नावे दिलेली असतात. नोंदवही इंग्रजीत आहे, त्यामुळे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची मदत घ्यायला संकोच करू नये.

इच्छापत्रासोबत स्वाक्षरी केलेला स्वपरिचय जोडावा. त्यात आपला किंवा आपल्या माणसाचा आजार आणि त्या काळात आलेले अनुभव थोडक्यात लिहावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. समितीला तुमच्याकडून तेच हवे आहे. नेमणूक होताना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, समितीचे हितसंबंधविषयक धोरण मान्य करावे लागते आणि नाव व व्यवसाय सार्वजनिक करण्यास तयारी दाखवावी लागते. यांतील हितसंबंधाचा मुद्दा रुग्णांनी विशेष जपायला हवा. ज्या डॉक्टरांकडे आपले उपचार चालू आहेत त्यांचाच प्रस्ताव चर्चेला आला, तर ते आधी सांगून त्या चर्चेतून व निर्णयातून बाजूला होणे आवश्यक आहे.

संशोधनातील सहभागींचे संरक्षण आणि गुड क्लिनिकल प्रॅक्टिस (औषधचाचणी नीट व नैतिक पद्धतीने करण्याची नियमावली) या विषयांचे प्रशिक्षण नेमणुकीच्या वेळी झालेले असावे, नसल्यास सहा महिन्यांच्या आत पूर्ण करून प्रमाणपत्र द्यावे लागते. उपलब्ध अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीत आहेत. त्यामुळे कुणी मागे हटू नये. निदान संमतीपत्र, नुकसानभरपाई आणि गंभीर दुष्परिणाम चोवीस तासांत कळवण्याचे डॉक्टरांवरील बंधन, एवढे भाग मराठीत समजावून द्यावेत, अशी लेखी विनंती सदस्य-सचिवांकडे करावी.

प्रशिक्षणात शिकायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्णाला द्यायचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र वाचणे. ‘आपला समावेश यादृच्छिक पद्धतीने गटात करण्यात येईल’ हे वाक्य भाषांतर म्हणून बरोबर असेलही, पण आटपाडीहून एसटीने आलेल्या माणसाला ‘कोणते औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, ते डॉक्टरही निवडणार नाहीत’ असे सांगितले तरच कळते. सहभागी वाचू शकत नसेल, तर संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर लागतो, आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत सहभागीला मिळालीच पाहिजे. हे सारे प्रस्तावात लिहिलेले आहे का, ते सर्वसामान्य सदस्याने पाहावे. चाचणीत ऊसतोड मजूर घेतले जाणार असतील आणि तपासण्या वर्षभर चालणार असतील, तर साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, ही माणसे गावी परततील, मग त्यांचे औषध आणि देखरेख कोण पाहणार, हा प्रश्न वाळव्याच्या सदस्याला जितका पटकन सुचेल तितका इतरांना सुचणार नाही. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांची तरतूदही याच वेळी तपासावी.

सदस्याला त्याच्या वेळेबद्दल वाजवी मानधन देण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ते किती, आणि प्रवासखर्च मिळतो का, हे नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्यावे. बैठकीची कागदपत्रे पुरेसे दिवस आधी मिळावीत आणि त्यांत मराठी संमतीपत्र असावे, हेही त्याच वेळी लेखी मागून ठेवावे.