बासष्टचं युद्ध आणि सीमेवरचे रस्ते
जून 2020 मध्ये लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान मारले गेले तेव्हा बहुतेकांनी त्या खोऱ्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. पण जुलै 1962 मध्ये तिथेच गुरखा जवानांच्या चौकीला चिन्यांनी वेढा घातला होता, पुढे रसदसुद्धा हेलिकॉप्टरने पोचवावी लागत होती, आणि 20 ऑक्टोबरला युद्ध पेटलं तेव्हा पहिल्याच दिवशी ती चौकी पडली.

भांडणाच्या मुळाशी एक रस्ताच आहे. चीनने शिनजियांग ते तिबेट रस्ता लडाखच्या पूर्वेकडच्या अक्साई चीनमधून काढला, 1957 मध्ये तो पूर्ण झाला, आणि आपल्या नकाशातल्या जमिनीवरून त्यांचे ट्रक जातायत हे दिल्लीला फार उशिरा कळलं. मग आपण पुढे पुढे चौक्या टाकल्या, पण तिथपर्यंत ना रस्ते ना थंडीचे धड कपडे, याचा मला आजही राग येतो. महिन्याभरात चीनने स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली, आजच्या अरुणाचलमधलं घेतलेलं तवांग आणि बोमडिला रिकामं करून चिनी मागे गेले, पण अक्साई चीन, म्हणजे साधारण 38,000 चौरस किमी, त्यांच्याकडेच राहिलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात ते तेव्हाचंच.

पण खरा परिणाम नंतरचा. सीमेपर्यंत रस्ता केला तर उद्या त्याच रस्त्याने चिनी फौज खाली येईल ही भीती दिल्लीत अशी बसली की कित्येक वर्षं सीमाभाग मुद्दाम तसाच ठेवला, आणि हे ए. के. अँटनींनी संरक्षणमंत्री असताना 2013 मध्ये संसदेत मान्य केलं. त्याची किंमत कोणी दिली, तर तिथल्या गावांनी, दवाखान्यासाठी दिवसदिवस चालणाऱ्या माणसांनी.

मग उशिरा का होईना कामं सुरू झाली. लडाखमधल्या दरबुकपासून चिनी सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डी या लष्करी ठाण्यापर्यंतचा 255 किमीचा रस्ता 2019 मध्ये पूर्ण झाला, श्योक नदीच्या काठाने, गलवान जिथे तिला मिळते तिथूनच जातो, आणि पुढच्याच वर्षी तिथे झटापट झाली. सीमेवर गोळी चालवायची नाही असा दोन्ही देशांचा 1996 चा करार, म्हणून दगड आणि खिळ्यांचे दांडके. ऑक्टोबर 2024 मध्ये लडाखमधल्याच देपसांग आणि देमचोकला गस्त पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण ताबारेषा, म्हणजे दोन्ही फौजांच्या ताब्यातला भाग वेगळा करणारी रेषा, नेमकी कुठून जाते यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही.