नगरचे डॉ. ह्यूम आणि मरणानंतरच्या संधीचा वाद

ज्याच्या कानावर ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्याचा मरणानंतर न्याय कसा होणार? आणि पश्चात्ताप न करताच जो गेला, त्याला पुढे एखादे दार उघडे असेल का? ख्रिस्ती धर्मशास्त्रात हे दोन प्रश्न पहिल्या काही शतकांपासून आहेत. 1886 साली अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपला कारभार स्वतःच पाहणाऱ्या प्रॉटेस्टंट, मंडळ्यांत त्यांवरून मोठा वाद पेटला, तेव्हा त्याच्या ऐन मध्यावर आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, एक मिशनरी सापडला होता.

मुळात बायबलमध्येच दोन्ही बाजूंना आधार मिळतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवला आहे, असे म्हटले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र ख्रिस्ताने बंदिवासातल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा केली, असे वचन आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने शेवटी सर्वच जीव देवाकडे परततील अशी आशा मांडली. पाचव्या शतकात ऑगस्टिनने तिच्याविरुद्ध शाश्वत शिक्षेची बाजू इतकी भक्कम मांडली की पश्चिमेकडचा चर्च पुढे त्याच वाटेने गेला. सहाव्या शतकात, 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास, ओरिजेनच्या नावावरच्या मतांचा धिक्कारही झाला. कॅथलिकांची ‘पर्गेटरी’ म्हणजे या प्रश्नातली पळवाट, असा समज पुष्कळदा दिसतो, तो खरा नाही. ती मरणोत्तर अवस्था देवाच्या कृपेत मेलेल्यांच्या शुद्धीसाठी आहे, पश्चात्तापाला नकार देऊन गेलेल्यांसाठी नाही. प्रॉटेस्टंटांनी तर तीही काढून टाकली. 1646 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात देहाबाहेर पडलेल्या आत्म्यांसाठी स्वर्ग आणि नरक ही दोनच ठिकाणे उरली.

युरोपात हा वाद बराचसा पंडितांमध्ये चालला. मिशनच्या भूमीवर तो घराघरात शिरला, कारण तिथे मेलेले म्हणजे ऐकणाऱ्याचे स्वतःचे आईबाप होते. गोव्यात ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनी 1552 च्या जानेवारीत जपानहून परतल्यावर कोचीनहून पत्र लिहिले. नवे जपानी ख्रिस्ती आपल्या मेलेल्या पूर्वजांसाठी रडत आणि विचारत, की दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना सोडवता येणार नाही का? झेवियर यांनी उत्तर दिले, नाही. त्या माणसांचे दुःख पाहून आपल्यालाही अश्रू आवरणे कठीण जाते, असे त्यांनीच त्या पत्रात लिहून ठेवले आहे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. पितृपक्षात वाडवडिलांच्या नावाने पान वाढणाऱ्या आपल्या घरांत त्या उत्तराचा अर्थ काय होतो, हे समजावून सांगायला नको.

अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले ते हीच तळमळ घेऊन. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी 1818 मध्ये जगातल्या साठ कोटी ख्रिस्तेतरांच्या तारणासाठी अमेरिकेतल्या मंडळ्यांना साद घालणारी पुस्तिका लिहिली. हॉल ज्या अँडोव्हरच्या परंपरेतले, ती मॅसॅच्युसेट्समधली सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, हार्वर्डमध्ये युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारा, विचार शिरल्यामुळे कडव्या मंडळींनी उभारली होती. तिथला प्राध्यापक दर पाच वर्षांनी मतांगिकाराला, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्याला, नव्याने मान्यता देई. दुष्ट लोक सैतानांसह गंधकाच्या अग्निसरोवरात कायमचे टाकले जातील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. या मतांगिकारात कधीही काडीचा फरक होता कामा नये, अशी संस्थापकांची अटही होती.

1880 नंतर त्याच अँडोव्हरमध्ये बर्लिनच्या इसाक डॉर्नर यांचा विचार रुजला. न्याय ख्रिस्ताच्या संदर्भात होणार असेल, तर प्रत्येकाला ख्रिस्ताची ओळख कधीतरी झालीच पाहिजे. या जन्मी झाली नाही, तर मरणानंतर होत असावी. एक गोष्ट इथे नीट पाहायला हवी. ऐकून-सवरून नाकारणाऱ्याला दुसरी संधी मिळते, असे अँडोव्हरचे प्राध्यापक म्हणत नव्हते. ज्याला पहिलीच मिळाली नाही, त्याच्याबद्दल ते बोलत होते. विरोधकांनी मात्र हा फरक फारसा जुमानला नाही. लोक मेल्यावरही ऐकणार असतील तर समुद्र ओलांडून जायचे कशाला, मिशनकार्याची नसच कापली जाईल, असा त्यांचा धोशा होता.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म 1847 चा, मुंबईतला. वडीलही मिशनरी. येल आणि अँडोव्हरमध्ये शिकून ते 1874 मध्ये भारतात परतले आणि 1878 मध्ये त्यांनी नगरला पाळकांच्या शिक्षणासाठी सेमिनरी काढली. 1886 मध्ये रजेवर असताना अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी या नव्या विचाराची बाजू घेतली आणि त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन मिशन बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना नगरला परत पाठवायचे थांबवले. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डे मॉइन शहरी भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत हाच विषय गाजला. बारा वर्षे काम केलेला, दुष्काळ पाहिलेला माणूस एका अनुमानावरून अडवला गेला! खुलासे झाल्यावर 1887 मध्ये त्यांना परतू दिले. त्याच वर्षी अँडोव्हरचे प्राध्यापक एगबर्ट स्मिथ यांना सेमिनरीच्या निरीक्षक मंडळाने मतांगिकाराविरुद्ध शिकवल्याबद्दल दोषी ठरवले. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

विल्यम नॉइज या तरुण उमेदवाराला बोर्डाने याच कारणावरून नाकारले. तेव्हा बोस्टनच्या एका मंडळीने त्याला स्वतःच्या जबाबदारीवर जपानला पाठवले. 1893 मध्ये वूस्टरच्या सभेत बोर्डाने त्याला आपला मिशनरी म्हणून स्वीकारले आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांपुरता हा वाद थंडावला. नस काही कापली गेली नाही. ह्यूम पुढे कित्येक वर्षे नगरलाच होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक त्यांच्याच सहवासात तिथे काम करत होते.

न ऐकलेल्यांबाबत कॅथलिक चर्चनेही 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, मन मोकळे केले. स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान ज्यांना कळले नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे तिने सांगितले. ऐकून नाकारणाऱ्यांचे काय, हा उरलेला प्रश्न मात्र आजही तितकाच तापलेला आहे. त्यांना शाश्वत यातना, की शेवटी पूर्ण नाश, यावर इव्हँजेलिकल मंडळींतही एकमत नाही.